बिनमुहूर्ताचे

देव झोपले की माझा धंदाही झोपतो.
चार महिने लग्न नाही, साक्षगंध नाही,
दुकानात येतात ते पासपोर्ट फोटोवाले,
दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणणारे.
मग लग्नाचा कॅमेरा गळ्यात अडकवून
मी किन्हीच्या बोडीवर जातो,
पाळीवरून, बेशरमाच्या झुडपांतून.
खाली बांध्यांत धान पोटरीवर आलेलं.

बायको विचारते, आज कोणाचं?
मी म्हणतो, चतुरांचं.
चातुर्मासातच तर त्यांची सराई असते.

पहिल्या दिवशी धावलो नुसता.
लाल दिसला की लालामागं,
हिरवा दिसला की लाल सोडून हिरव्यामागं.
जिभेला सवय लागलेली,
मान थोडी वर, इकडं पाहा, हसा.
तेच निघून गेलं तोंडातून
आणि समोरची काडी रिकामी.
घरी येऊन मोजले, दोनशे चौदा फोटो.
आकाश, पाणी, माझा बूट,
एका कोपऱ्यात शेपटाचं टोक, तेही पुसट.

सायत्राबाई दिघोरे ट्रकच्या ट्यूबवर बसून
शिंगाडे तोडत होती.
दोन दिवस काही बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी राहवलं नाही तिला.
"कायले धावता जी त्याच्या मांगं?
कुठी जात नाही थो.
त्याची काडी ठरेल आहे.
तुम्ही काडी धरून बसा."

बसलो.
चिखलात मांडी घालून,
रिकाम्या काडीवर फोकस बांधून.
आला.
उडाला, हवेतलं काहीतरी चिमटलं,
आणि परत त्याच काडीवर, तिकडंच तोंड करून,
जणू मधे काही झालंच नाही.
ऊन डोक्यावर आलं तसं
त्यानं शेपूट सरळ सूर्याकडं उचललं.
अंगावर ऊन कमी पडावं म्हणून, हे नंतर कळलं.
तेव्हा वाटलं, घड्याळाचा काटा आहे,
बारावर येऊन अडकलेला.

खरी नावं मला येत नाहीत.
पिवळ्या पंखांवर काळी नक्षी, तो माझा रुखवत.
नालीकाठचा नारिंगी, सगळीकडं दिसणारा,
कोणी ढुंकून पाहत नाही असा, तो बँडवाला.
टाचण्या बारीक, पंख मिटून बसणाऱ्या, त्या करवल्या.
आणि सांजेला बांध्यांवर तरंगणारे ते शेकडो,
कुठून आले, कुठं निघाले, देव जाणे,
बसायचं नावच घेत नाहीत.
त्या वऱ्हाडाचा एकही फोटो नाही माझ्याकडं.

सहावीत होतो तेव्हा आईच्या शिलाईचा दोरा
बांधायचो मी यांच्या शेपटाला.
दोन बोटांना अजून आठवतं ते ओढणं,
जेमतेम जाणवेल एवढं.
सायत्राबाईला सांगितलं तर हसली.
म्हणाली, सगळ्याइनंच बांधला.

एकाचा मागचा पंख फाटका होता.
तरी तसाच उडायचा, तसाच परतायचा.
लग्नाच्या अल्बमात मी डाग पुसतो, मुरूम पुसतो,
कपाळावरची जुनी खोक पुसतो,
कोणी सांगितलं नसलं तरी.
त्याचा पंख मोठा करून पाहिला रात्री.
कर्सर नेला तिथपर्यंत.
मग कॉम्प्युटर बंद केला.

तुळशीचं लग्न लागलं, ऑर्डरी सुरू झाल्या.
बोडीवर परवा चक्कर मारली,
दोन-तीन बँडवाले, बाकी सामसूम.

काल लाखांदूरकडच्या एका मंडपात
नवरीचा बाप जनरेटरजवळच्या खांबाशी
क्षणभर उभा राहिला, स्टेजकडं पाहत.
कॅमेरा वळवेपर्यंत गेला पंगतीकडं,
बादली घेऊन, भात वाढत.
मी मागं गेलो नाही.
खांबावर फोकस बांधला.
स्टेजवरून ओरडत होते सगळे,
फोटोवाले, अहो फोटोवाले, इकडं पाहा!